"सिस्टर, घेऊ का?"

"मॅडम, सगळे म्हणतात बाळ वाचलं, नशीब काढलंस. पण मला त्याच्याबद्दल काही वाटतच नाही हो."

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की कमी दिवसांच्या बाळाची आई समुपदेशनाला समोर बसली की ती हे कधी बोलते याची मी वाटच बघत असते. कुणी तिसऱ्या सेशनला बोलतं, कुणी जाताना चप्पल घालता घालता. म्हणून एका केसबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पुण्यातल्या धायरीचं कुटुंब. तिचं बीपी अचानक वाढलं, 30 व्या आठवड्यात सिझर करावं लागलं, बाळ सव्वा किलोचं, मग 41 दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. आधी सीपॅप (श्वासासाठी नाकातून दाबानं हवा देणारं मशीन), नंतर नळीनं दूध, मग पलाडीनं (आपलं बोंडलंच की ते). तिनं बाळ पहिल्यांदा बघितलं ते नवऱ्याच्या मोबाईलवर. डिस्चार्ज मिळून ती घरी आली, बाळ पेटीतच, आणि नवरा रोज सकाळ-संध्याकाळ अ‍ॅक्टिव्हावर आइसपॅकच्या पिशवीत दुधाच्या छोट्या डब्या घेऊन राजाराम पुलावरून हॉस्पिटलला, प्रत्येक डबीला टेप, टेपवर तारीख आणि वेळ. सासूबाई म्हणायच्या, सातव्यातलं आहे, जगणारच, आठव्यातलं जगत नाही. हे शास्त्राला धरून अजिबात नाही, पोटात जितके आठवडे जास्त तितकं बाळाला बरंच असतं, पण त्या 41 दिवसांत घरात चूल पेटली ती याच समजुतीवर, त्यामुळे मी वाद घातला नाही.

माझ्याकडं आले तेव्हा बाळ चार महिन्यांचं. तिची पहिली तक्रार, "तो माझ्याकडं बघून हसत नाही. त्याला मी आवडत नाही." ही गोष्ट सगळ्याच आयांनी लक्षात ठेवा. 40 आठवडे धरले तर हे बाळ 10 आठवडे आधी आलंय, म्हणजे हसणं, मान धरणं, पालथं पडणं यासाठी त्याचं वय 17 आठवडे नाही, 7 आठवडे धरायचं, आणि ओळखून हसणं साधारण तेव्हाच कुठं सुरू होतं. शेजारणीच्या बाळाशी तुलना बंद. लसी मात्र जन्मतारखेनंच, आणि डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी, बाळ कितीही गुटगुटीत दिसायला लागलं तरी चुकवायची नाही.

हिशोब तिला पटला, पण चेहरा तसाच. तिच्याकडं एक वही होती, दूध किती मिली, शू किती वेळा, सगळं वेळेसकट. मी विचारलं, त्याला आवडतं काय?

"दर तीन तासांनी 60 मिली."

"ते प्रमाण झालं. आवडतं काय?"

उत्तर नाही. मग मी विचारलं, त्याला उचलताना मनात काय येतं? बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली.

"हसाल तुम्ही. अजून मनात येतं, सिस्टर, घेऊ का?"

मी नाही हसले. माझ्या डोक्यात तिथं लख्ख प्रकाश पडला. मी बोल्बीला (आई-बाळाच्या नात्याचा सिद्धांत मांडणारा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ) मानणारी, नातं पहिल्या तासात चिकटवून मिळत नाही, हजार वेळा बाळ रडतं आणि हजार वेळा कुणीतरी येतं त्यातून ते बनतं असं मानणारी, आणि इतकी वर्षं मी या आयांना "प्रेम हळूहळू येतं" असं समजावत बसले होते. हिच्याकडं प्रेम होतंच, रात्री तीनला उठून दूध काढणाऱ्या बाईला प्रेम नाही म्हणायचं? कमी होती ती परवानगी. 41 दिवस हात धुऊन, गाऊन घालून, विचारून हात लावायचा, ते तिथं गरजेचंच होतं, पण घरी जाताना गोळ्यांची चिठ्ठी मिळते, "आता विचारू नका" असं कुणी सांगत नाही. शिवाय घरी नवीन सिस्टर हजर, सासूबाई. डोकं धर, असं नको, दे इकडं.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. बोलता बोलता बाळ रडायला लागलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग सासूकडं, मग माझ्याकडं. माझ्या ओठावर आलं होतं "घ्या ना", पण तेवढं बोलले असते तर मीही सिस्टरच झाले असते. सासूबाई उठायला लागल्या, त्यांच्या हातावर हात ठेवला फक्त. बाहेर पीएमटीचा हॉर्न, आत बाळाचा आवाज चढतोय, मिनिटभरच असेल पण मला घाम फुटला. बोलायला शिकले कॉलेजात, असं गप्प बसायला नंतरची दहा वर्षं गेली. शेवटी तिनं उचललं, थोडं वेडंवाकडंच, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "त्याला असं आवडतं, उभं." आणि एकदम रडायलाच लागली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं हिला भीती वाटते, म्हणून मीच घ्यायचे."

घरी काय केलं म्हणाल तर फार काही नाही. वही बंद, डॉक्टरांना विचारून. रोज तासभर कांगारू, म्हणजे बाळ उघडं, फक्त डायपर आणि टोपी, आईच्या छातीवर, वरून दुपटं. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं, आज पेट्या असतानाही करतात. आणि त्या तासात खोलीत सूचना देणारं कुणी नको. पण दोन आठवड्यांच्या वर सतत उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर कांगारूवर थांबू नका, लगेच सायकियाट्रिस्टकडं जा. दूध पाजत असतानाही चालणारी औषधं असतात.

माझी एक चूक राहिली. चार सेशन झाली, नवरा दर वेळी डायपर बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि मी त्याला गाडी कुठं लावली यापलीकडं काही विचारलं नाही. परवा तीच म्हणाली, अहो अजून राजाराम पुलावरून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. त्याला गुरुवारी सातची वेळ दिलीय, एकट्याला. हिंजवडीहून येणार म्हणजे आठ होतील, थांबते मी.