लहानपणी टीव्हीवर टेलिथॉन, म्हणजे देणग्या गोळा करायला तासन्‌तास चालणारा कार्यक्रम, पाहिलेल्यांना काय आठवतं? मुलांना असे कार्यक्रम दाखवावेत का?

आमच्या घरी अमेरिकन विनोदी नट जेरी लुईसचा, स्नायूंच्या आजारांवर काम करणाऱ्या 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशन' या संस्थेसाठीचा टेलिथॉन करमणूक म्हणून कधी पाहिलाच गेला नाही. माझ्या धाकट्या भावाला ड्युशेन होता, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार.

आम्ही न्यू जर्सीत राहायचो. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, आदल्या रात्री कार्यक्रम सुरू व्हायचा तो सोमवारी संध्याकाळपर्यंत. बाबा रात्रभर जागायचे. कार्यक्रम लास वेगासहून व्हायचा; तिथल्या फलकावर जमलेल्या देणगीचा आकडा बदलला, ढोल घुमला, की बाबा तो वहीत टिपून ठेवायचे. आई मधूनच उठून स्वयंपाकघरात जायची. चहाला जाते म्हणायची, पण डोळे पुसून यायची.

१९८४ साली मी बारा वर्षांची होते, भाऊ नऊचा. पडद्यावर एक मुलगा जमिनीवरून उठत होता. आधी ओणवा झाला, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. भाऊ ओरडला, "ताई, हा माझ्यासारखाच उठतो!" असं उठणारं दुसरं कोणी त्याने तोवर पाहिलंच नव्हतं. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. तेवढ्यासाठी मी त्या कार्यक्रमाची ऋणी आहे.

त्याच आठवड्यात शाळा उघडली. वर्गातल्या एका मुलाने त्याच्या हातात एक डॉलर ठेवला, "जेरीच्या मुलांसाठी" म्हणून; कार्यक्रमात या आजाराच्या मुलांना तसंच म्हणायचे. त्या पोराच्या मनात वाईट काहीच नव्हतं. भावाने घरी येऊन ती नोट जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बाबा, मी कोणाचा मुलगा आहे?"

बाबा काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, पैसा येतोय ना, मग तो कसा येतोय ते बघायचं नाही. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मुलाला बापुडवाणं दाखवून पैसा गोळा केला की त्याची किंमत ते मूल शाळेत मोजतं. आणि हे मी एकटी म्हणत नाही. १९९० मध्ये लुईसने, आपल्याला हा आजार असता तर, अशी कल्पना करून एक लेख लिहिला आणि त्यात स्वतःला 'अर्धा माणूस' म्हटलं. त्यानंतर शिकागोच्या माईक एर्विन यांनी 'जेरीज ऑर्फन्स' (जेरीची अनाथ मुलं) नावाने निदर्शनं सुरू केली. लहानपणी तेही त्याच मोहिमेच्या पोस्टरवर झळकले होते. भावाने त्या बातमीचं कात्रण पलंगाशेजारी चिकटवलं होतं. १९९६ साली तो गेला तेव्हाही ते तिथेच होतं.

आता तुमचा प्रश्न. दाखवा, पण मुलाशेजारी बसून दाखवा. पडद्यावरच्या मुलाला काय आवडतं, तो काय शिकतो, हे कुणी सांगत नसेल तर टीव्ही बंद करा. आणि तुमच्याच घरात आजारी मूल असेल तर आधी त्याला विचारा. आम्ही कधीच विचारलं नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. १९८६ मध्ये ड्युशेनचं जनुक सापडलं, त्या संशोधनाला याच संस्थेचा पैसा होता. बाबा आता ८६ वर्षांचे आहेत, फोनवर दर वेळी या जनुकाचा विषय काढतात. मी म्हणते, बाबा, बरोबर आहे तुमचं. पण भावाने विचारलं होतं त्याचं उत्तर द्या ना. मग ते फोन आईकडे देतात.