'जॉबला प्रवेश नाही' म्हणावं का?

मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या संगणकावर, जॉब (संगणकाला नेमून दिलेलं काम) रोखण्याच्या, सोडण्याच्या, रद्द करण्याच्या कमांड कोणी द्यायच्या, यावर मराठीत टिपणं लिहिणाऱ्या एकाने विचारलंय: 'अ‍ॅक्सेस'ला 'प्रवेश' म्हटलं तर चालेल का?

लॉगऑनपुरतं चालेल, पुढे नाही. 'प्रवेश'ला जागा लागते. आपण कशा'त' तरी प्रवेश करतो. इथे माणूस आत येऊन बसलेलाच असतो, ठरवायचं असतं ते त्याने काय करायचं. म्हणून 'अधिकार' घ्या. अधिकार म्हटला की 'कसला?' हे सांगावंच लागतं, आणि मग क्रियापद आपसूक येतं: पाहण्याचा, रोखण्याचा, रद्द करण्याचा.

यंत्रणेची मांडणीही अशीच आहे. झेड-ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवर रॅकएफ ही सुरक्षा-प्रणाली असेल, तर जेईएस-२ च्या, म्हणजे जॉब रांगेत लावून चालवणाऱ्या भागाच्या, कमांडवरचे अधिकार 'ऑपरसीएमडीएस' या वर्गात नोंदवतात. जॉबची स्थिती बघायला 'रीड' पातळी पुरते. 'डॉलर एच जे' ही कमांड देऊन तोच जॉब रोखायचा तर 'अपडेट' लागते. ती नसली की पडद्यावर 'आयसीएच४०८आय' हा संदेश येतो. त्यात 'इनसफिशियंट अ‍ॅक्सेस ऑथॉरिटी' असतं आणि खाली 'अ‍ॅक्सेस इंटेंट' अपडेट, 'अ‍ॅक्सेस अलाउड' रीड. याचं 'अपुरा प्रवेश' केलंत तर काहीच बोध होत नाही. 'हवा होता बदलण्याचा अधिकार, आहे पाहण्याचा' असं लिहा; रात्रपाळीच्या ऑपरेटरला कुठे अडलं ते तिथल्या तिथे कळेल.

'परवानगी' मला आवडते, पण ती प्रसंगापुरती मागून घ्यायची गोष्ट. एखादा बिघडलेला जॉब काढून टाकण्यासाठी तासाभरापुरता वाढवून दिलेला अधिकार, त्याला परवानगी शोभते.

आणि 'मुभा' विसरू नका! अरबी 'मुबाह'वरून आलेला हा शब्द: ज्याला आडकाठी नाही ते. रॅकएफमधल्या 'युनिव्हर्सल अ‍ॅक्सेस'ला, म्हणजे सरसकट दिलेल्या अधिकाराला, याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. तिथे 'रीड' असेल, तर ज्यांची वेगळी नोंद नाही त्यांनाही पाहण्याची मुभा. पण एखाद्याचं नाव अधिकारांच्या यादीत घालून पुढे 'नन' (काहीच नाही) लिहिलं असेल, तर ही मुभा त्याला लागू होत नाही. त्याला 'अधिकार नाही' म्हणणं फार मवाळ झालं. तो मज्जाव.