प्रश्न वाचकांचे: मेंदूत प्रथिनांचे तंतू कसे तयार होतात?

प्रश्न: माझ्या आईला अल्झायमर झाला आहे. या आजारात प्रथिनांची घडी चुकून मेंदूत त्यांचे तंतू बनतात, असे वाचनात आले. हे कसे घडते? तिची सेवा करणाऱ्या आम्हा घरच्यांना याची लागण होऊ शकते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी लागणीविषयी, कारण ती धास्ती मनात बाळगून सेवा करणे फार कठीण असते. आईला भरवल्याने, अंघोळ घातल्याने किंवा तिच्या शेजारी झोपल्याने अल्झायमर होत नाही.

या आजारात चेतापेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइड आणि आत टाऊ ही प्रथिने साचतात. स्मरणशक्तीच्या ऱ्हासाशी टाऊचा संबंध अधिक जवळचा असल्याने त्याच्याविषयीच सांगतो. पेशीतील सूक्ष्मनलिकांना आधार देणाऱ्या टाऊला एरवी ठरावीक घडी नसतेच. आजारात ती पडते. त्याच्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर जडतात, नलिकांवरची पकड सुटते आणि सुटे रेणू एकमेकांना चिकटू लागतात. पहिले बीज, म्हणजे अशा काही रेणूंचा सुरुवातीचा पुंजका, जमणे अवघड असते; पण एकदा ते जमले की टोकाशी येणारा प्रत्येक नवा रेणू, ताटावर ताट बसावे तसा, आधीच्या रेणूचाच आकार घेऊन त्यावर बसतो. दोन थरांमधले अंतर अर्धा नॅनोमीटरही नसते. तंतू मध्येच तुटला तर वाढीसाठी आणखी टोके मोकळी होतात. असे बीज एका पेशीतून दुसरीत जाते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे आणि तुमची शंकाही बहुधा अशाच वाचनातून आली असावी. मात्र आजारात हा प्रसार रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूत होत असतो.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी एका दिवंगत रुग्णाच्या मेंदूतील टाऊचे तंतू क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे नमुना अतिशीत गोठवून, तपासले. टाऊच्या साखळीतील ३०६ ते ३७८ क्रमांकांची अमिनो आम्ले (साखळीचे दुवे) इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली आणि असे दोन ‘सी’ जोडीने पीळ घेत गेलेले त्यांना दिसले. पुढच्याच वर्षी पिक्स या स्मृतिभ्रंशाच्या दुसऱ्या एका आजारातील तंतू पाहिले, तर टाऊच असूनही घडी निराळी निघाली. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण केवळ प्रथिनाचे नाव कळून भागत नाही, घडीही कळावी लागते: अल्झायमरमधील टाऊ पेट स्कॅनमध्ये (मेंदूच्या एका प्रतिमा-तपासणीत) दाखवणारे द्रव्य पिक्स आजारातील तंतूंना तितकेसे चिकटत नाही.