शेवटच्या उंदराचा आकडा का वाढला?

प्रश्न : प्रकल्पासाठी उंदरांच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन (ताण आला की वाढणारं हार्मोन) सल्फ्युरिक ॲसिडच्या जुन्या फ्लुओरेसन्स पद्धतीने, म्हणजे प्रकाश टाकल्यावर येणाऱ्या चमकेवरून, मोजलं. एकाच पिंजऱ्यातले सहा उंदीर, पण पहिल्यापेक्षा शेवटच्याचा आकडा बराच जास्त आला. मशीन बिघडलंय का?

उत्तर : मशीनला लगेच दोष देऊ नका. माझी उमेदीची वर्षं या नळ्यांमध्येच गेली, आणि माझा पहिला संशय नेहमी घड्याळावर असतो.

हे हार्मोन आपण होऊन असं चमकत नाही. ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात त्याचं रूप पालटतं, आणि त्या नव्या संयुगावर ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश टाकला की ५३० च्या आसपासचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. मॅटिंगली या संशोधकांनी १९६२ मध्ये माणसाच्या प्लाझ्मासाठी (पेशी काढून उरलेल्या रक्तातल्या द्रवासाठी) हीच पद्धत सुटसुटीत करून मांडली. मात्र ही चमक वेळेनुसार बदलते, आणि रक्तातले इतर पदार्थही हळूहळू उजळू लागतात. म्हणून मी एकेका मिनिटाच्या अंतराने ॲसिड घालायचो आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने वाचन घ्यायचो. सगळ्या नळ्यांत एकदम ॲसिड ओतून मग सावकाश वाचत बसलात, तर शेवटची नळी ॲसिडात जास्त वेळ मुरते.

आणखी एक. प्लाझ्मातून हार्मोन ओढून घेणारं डायक्लोरोमिथेन हे द्रावक आधी प्लाझ्माच्या खाली बसतं, पण ॲसिड घातल्यावर तेच वर येतं. घाईत नेमका नको तो थर उचलला जातो! काचेची भांडी कपड्यांच्या पावडरीने तर मुळीच धुऊ नका. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात घातलेली द्रव्यं स्वतःच चमकतात.

दुसरं घड्याळ उंदराचं. हात लावल्यापासून साधारण ३ मिनिटांत रक्त घेतलं तर मूळ पातळी मिळते, नंतर ती चढू लागते. पहिल्याला उचललंत तेव्हाच पिंजऱ्यातले बाकीचे बिथरले असणार.

यातलं खरं कारण कोणतं, हे शोधायला प्रमाण द्रावणाची (ज्यातलं हार्मोनचं प्रमाण आधीच माहीत आहे अशा द्रावणाची) एक नळी सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी ठेवा. शेवटचीही वाढली तर ॲसिडच्या वेळेत घोळ आहे. दोन्ही सारख्या आल्या, तर पुढच्या वेळी एका पिंजऱ्यातून एकच उंदीर घ्या.