समोरची इमारत अगदी जवळ आहे. खिडक्या बदलताना आतले दिसू नये म्हणून कोणती काच घ्यावी?

दुकानात बहुधा आरशासारखी दिसणारी रिफ्लेक्टिव्ह काच सुचवतात. परंतु ती बाहेर घरापेक्षा जास्त उजेड असेपर्यंतच आडोसा देते, आणि संध्याकाळी दिवा लावला की आपल्याला काचेत आपलेच प्रतिबिंब दिसते, समोरच्यांना मात्र आपली खोली स्पष्ट दिसते. म्हणून झोपण्याच्या खोलीसाठी मी दुधी काचच सुचवेन. समोरचे घर आपल्याच पातळीवर असेल, तर ती डोळ्यांच्या थोडी वरपर्यंत लावून त्यावर साधी काच ठेवावी, म्हणजे आकाश दिसत राहते. न्हाणीघरात मात्र वाळूच्या माऱ्याने दुधी केलेली काच टाळावी, कारण तिच्या खरबरीत बाजूवर पाणी उडाले की तेवढ्या भागातून आरपार दिसू लागते (नमुन्यावर ओले बोट फिरवून पाहा). तेथे जाड नक्षीची काच बरी.

काचेइतकेच महत्त्व खिडकी कशी उघडते याला आहे: सरकती खिडकी हवेसाठी उघडताच निम्मा आडोसा जातो, तर वर बिजागरी असलेले, खालून बाहेर ढकलायचे तावदान उघडे असतानाही समोरची नजर आणि पाऊस दोन्ही बऱ्यापैकी अडवते.