वाचकांचे प्रश्न: इंग्रजीत क्रियापदानंतर आधी काय आणि मग काय?

प्रश्न: मी अंधेरीला एका ऑफिसात कामाला आहे, शाळा पूर्ण मराठी मीडियम. मेलमध्ये ‘आय सेंट यस्टर्डे द फाइल टु हिम’ असं लिहिलं आणि दुसऱ्या एका मेलमध्ये ‘आय लाइक्ड व्हेरी मच युअर प्रेझेंटेशन’, तर सरांनी दोन्ही वाक्यं बदलून परत पाठवली. शब्द तेच, स्पेलिंग बरोबर, मग चुकलं काय? याला काही नियम आहे की नुसतं ऐकून ऐकूनच जमतं?

उत्तर: नियम आहे, आणि तो शाळेतच नीट सांगायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, कारण इतकी वर्षं टेन्स आणि व्हॉइस घोटून घेतात पण क्रियापदानंतर शब्द कुठल्या क्रमाने बसवायचे हे कोणी बसून शिकवतच नाही.

इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे सहसा कोणाला जागा मिळत नाही. काय पाठवलं, फाइल. म्हणजे ‘सेंट’च्या लगेच पुढे ‘द फाइल’ आलं पाहिजे, ‘यस्टर्डे’ने मधे घुसायचं नाही. ‘आय सेंट द फाइल टु हिम यस्टर्डे’. तसंच ‘आय लाइक्ड युअर प्रेझेंटेशन व्हेरी मच’. तुमच्या दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे.

आता ही चूक आपल्याकडूनच इतकी का होते ते बघा, कारण ते एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. मराठी वाक्य घ्या: ‘तिने काल स्टेशनवर तिकीट नीट तपासलं’. हे शेवटाकडून वाचा: तपासलं, नीट, तिकीट, स्टेशनवर, काल. आता इंग्रजी: ‘शी चेक्ड द टिकेट केअरफुली ॲट द स्टेशन यस्टर्डे’. जवळजवळ आरशातलं प्रतिबिंब आहे, फक्त एका जागी अदलाबदल झालीय. मराठीत ‘नीट’ हा शब्द क्रियापदाला चिकटून बसतो आणि तिकीट त्याच्या पलीकडे, इंग्रजीत तिकीट क्रियापदाला चिकटतं आणि ‘केअरफुली’ पलीकडे जातं. ‘मला ही जागा खूप आवडते’ यात ‘खूप’ आणि ‘आवडते’ आपल्या डोक्यात एकच जोडी असते, ती तशीच्या तशी उचलली की ‘आय लाइक व्हेरी मच धिस प्लेस’ तयार.

वेळ सांगतानाही हाच आरसा दिसेल. आपण ‘सोमवारी सकाळी नऊ वाजता’ म्हणतो, मोठ्यापासून लहानाकडे, इंग्रजीत ‘ॲट नाइन ऑन मंडे मॉर्निंग’. आपण ‘मुंबईत परळला’, ते ‘इन परळ, मुंबई’.

मराठीला शब्द इकडेतिकडे केलेले चालतात कारण आपल्याकडे विभक्ती आहे. ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, ‘ला’ बघून कळतं कोण कोणाला चावलं. जुन्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते, शब्दांचा क्रम आजच्या मानाने बराच मोकळा होता, नंतरच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजले आणि त्यांचं काम शब्दाच्या जागेवर येऊन पडलं. म्हणून तिथे जागा बदलली की अर्थ हलतो. ‘शी टोल्ड मी ऑन मंडे टु कम’ म्हणजे सोमवारी तिने सांगितलं, ‘शी टोल्ड मी टु कम ऑन मंडे’ म्हणजे यायचंय सोमवारी. ऑफिसच्या मेलमध्ये एवढ्याशा फरकाने माणूस चुकीच्या दिवशी येऊन उभा राहतो.

कर्म झाल्यावर मग कसं, कुठे, कधी असा क्रम साधारण लागतो. पण हा क्रम डोळे मिटून लावू नका, कारण काही क्रियापदांना स्वतःचं ठरलेलं माणूस बरोबर लागतंच. ‘गो’ला कुठे जायचं ते लागतं, म्हणून ‘शी वेंट टु चर्चगेट बाय बस’, इथे ‘कुठे’ आधी आलं आणि ‘कसं’ नंतर. ‘पुट’ तर जागा सांगितल्याशिवाय वाक्यच पुरं होऊ देत नाही, ‘ही पुट द डबा’ एवढ्यावर थांबताच येत नाही, ‘ऑन द टेबल’ हवंच. ज्याच्यावाचून क्रियापद अडतं ते जवळ, ज्याच्यावाचून चालतं ते लांब. मला विचाराल तर कसं-कुठे-कधी पाठ करण्यापेक्षा हे धरून ठेवा.

दोन सवलती आहेत. कर्म खूपच लांबलचक असेल तर ते शेवटी ढकललेलं चालतं: ‘प्लीज रीड केअरफुली एव्हरी पेज ऑफ द ॲग्रीमेंट दॅट द बिल्डर हॅज सेंट’, इथे ‘केअरफुली’ पार शेवटी टाकलं असतं तर तोवर वाचणारा रीड विसरला असता. आणि ‘ऑलवेज’, ‘युज्वली’, ‘नेव्हर’ ही मंडळी क्रियापदाच्या आधी येतात, ‘आय ऑलवेज टेक द फास्ट लोकल’, फक्त ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ असेल तर त्यानंतर, ‘द फास्ट लोकल इज ऑलवेज क्राउडेड’.

प्रश्न: मुलगी आठवीत, सेमी-इंग्लिश. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर म्हणून तिने ‘लुक द बेबी आफ्टर’ लिहिलं, ते मात्र चूक दिलं. तिला काय समजावू? (गिरगावातून एक पालक)

उत्तर: तिचा तर्क चुकीचा नाहीये हो, तिला आधी ते सांगा. दिसायला ‘ऑफ’ आणि ‘आफ्टर’ सारखेच आहेत पण ‘ऑफ’ इथे क्रियापदाच्या घरातला आहे आणि ‘आफ्टर’ हा बेबीच्या बाजूचा. ‘टर्न ऑफ’ मिळून एक काम होतं, म्हणून पंखा नंतर ठेवा नाहीतर मधे ठेवा. ‘आफ्टर द बेबी’ हा मात्र एक गठ्ठा आहे, बेबीला त्यातून उचलून पुढे आणता येत नाही.

ओळखायचं कसं, तर नामाच्या जागी ‘इट’ किंवा ‘हर’ टाकून बघायचं. ‘टर्न इट ऑफ’ होतं, आणि इथे ‘टर्न ऑफ इट’ चालतच नाही हेही तिला आत्ताच सांगून टाका. उलट ‘लुक आफ्टर हर’ होतं, ‘लुक हर आफ्टर’ होत नाही. दुसरी खूण कानाची आहे, मोठ्याने म्हणायला लावा: ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर येतो, ‘लुक ॲट इट’ म्हणताना जोर ‘लुक’वर.

आणि वर अंधेरीच्या वाचकांना जो नियम सांगितला तो इथेही कामाला येतो. ‘शी एक्झामिन्ड केअरफुली द मॅप’ खटकतं कारण ‘मॅप’ हे सरळ कर्म आहे, पण ‘शी लुक्ड केअरफुली ॲट द मॅप’ एकदम ठीक, कारण ‘लुक्ड’ आणि मॅपच्या मधे ‘ॲट’ आधीच उभा आहे. हे असं काहीतरी सापडलं की मुलांना ग्रामरमध्ये मजा यायला लागते, तिला हे वाक्य नक्की दाखवा.

प्रश्न: ‘डिस्कस अबाउट’ चूक का, ‘टॉक अबाउट’ तर चालतं? आणि वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन ठेवू नये हे खरं का? (मुलुंडचे एक निवृत्त वाचक)

उत्तर: आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून तो ‘वर’ इंग्रजीतही शिरतो. ‘डिस्कस’ला सरळ कर्म लागतं, ‘वुई डिस्कस्ड द मॅटर’, ‘टॉक’ला नाही, म्हणून तिथे ‘अबाउट’. क्रियापद वहीत लिहाल तेव्हा त्याच्या पुढे काय येतं तेही लिहीत चला, ‘वेट फॉर’, ‘डिपेंड ऑन’ असं.

शेवटच्या प्रेपोझिशनवर १६७२ साली जॉन ड्रायडन या कवीने आक्षेप घेतला होता, बेन जॉन्सनच्या लिखाणावर बोट ठेवून, आणि पुढे १६८४ मध्ये स्वतःच्या एका जुन्या निबंधातली अशी वाक्यंही त्याने बदलून घेतली. पण ती त्याची आवड होती, भाषेचा नियम नाही. ‘हू आर यू वेटिंग फॉर’ याला पर्याय शोधत बसू नका, आणि ‘द पर्सन आय स्पोक टु’ बिनधास्त लिहा, अगदीच फॉर्मल अर्ज असेल तर ‘द पर्सन टु हूम आय स्पोक’.