बोंडअळी ‘शिकत’ नाही, भाऊ

कपाशीचं पहिलंच वर्ष आहे म्हणालात, म्हणून आधी एक गैरसमज काढून टाका. बीटी कपाशी म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेली, अळी मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. ते विष खाऊन गुलाबी बोंडअळीला (कपाशीची बोंडं आतून खाणारी अळी) त्याची सवय झाली, असं सगळे म्हणतात. तसं नाही. एकाच अळीला सवय लागत नाही. लाखो अळ्यांत एखादीच्या जनुकात आधीपासून फरक असतो आणि तीच तेवढी वाचते. बाकीच्या मरतात. मग वाचलेल्यांचीच पिल्लावळ वाढत जाते.

2002 साली बीटी कापूस आला, 2006 ला अशा विषांची दोन जनुकं असलेला. तरीही 2017 मध्ये यवतमाळपासून मराठवाड्यापर्यंत हिरवी बोंडं आतून पोखरलेली निघाली.

हा प्रतिकार सहसा अप्रकट असतो. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो गुण आला, तरच अळी टिकते. म्हणून पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी द्यायचे, शेताच्या कडेच्या ओळींत पेरायला. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी प्रतिकारक पतंगांशी जोडी जमवावी आणि पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरावी, असा हिशेब होता. आम्ही ती सरकी बांधावर फेकून दिली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

ही अळी जवळपास कपाशीवरच जगते, त्यामुळे साध्या अळ्या आयत्या दुसरीकडून येत नाहीत. तुमच्या हातात एवढं आहे: फरदड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन तीच कपाशी पुढे चालवू नका; डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. फरदड म्हणजे अळीला फुकट मिळालेल्या जादा पिढ्या. कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे. सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात आठ पतंग दिसले, तर फवारणीचं बघा.